अय्यंगार पद्धत की अष्टांग विन्यास?

बी. के. एस. अय्यंगार आणि के. पट्टाभि जोइस हे दोघेही योगगुरू टी. कृष्णमाचार्यांचे शिष्य, तरीही पुण्यात वाढलेली अय्यंगार पद्धत आणि म्हैसूरची अष्टांग विन्यास पद्धत शरीराकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहतात. अष्टांग विन्यासात आसनांचा क्रम ठरलेला असतो, श्वासाच्या लयीवर एका आसनातून दुसऱ्यात जायचे असते आणि सूर्यनमस्कारांपासूनच अंग घामाने निथळते. दंड, मनगटे आणि खांदे धडधाकट असलेल्या तरुणाला ही शिस्त मनापासून भावते.

गुडघा कुरकुरणाऱ्या किंवा कंबर धरणाऱ्या माणसाला मात्र मी अय्यंगार पद्धतच सुचवेन. त्रिकोणासनात हात जमिनीपर्यंत पोहोचत नसेल, तर घोट्याजवळ लाकडी वीट ठेवतात. तळहात तिच्यावर टेकला की बरगड्यांचा पिळा सुटतो, छाती उघडते आणि मान आपोआप सैलावते. पट्टा, लोड, खुर्ची यांचा आधार घेणे हा इथे कमीपणा मानत नाहीत.

पद्धतीपेक्षाही शिक्षकाची पारख महत्त्वाची आहे. त्यांनी कोणाकडे आणि किती वर्षे शिक्षण घेतले, हे निःसंकोच विचारावे. महिनाभराच्या प्रमाणपत्रावर माझा भरवसा नाही. जो शिक्षक पहिल्याच दिवशी रक्तदाब, काचबिंदू, जुनी शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांची चौकशी न करता सरसकट सर्वांना शीर्षासनात उभे करतो, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नये.