घरपोच वृत्तपत्र सेवा : कोथरूडमधील चार वर्षांचा अनुभव

कोथरूडला राहायला आल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षे, आमच्याकडे एकाच विक्रेत्याकडून वृत्तपत्रे येतात. कोणता अंक घ्यायचा हे पुण्यातल्या पुष्कळ घरांत वडिलोपार्जितच ठरलेले असते. त्यानुसार १९३२ साली सुरू झालेला ‘सकाळ’ आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून आहे आणि जोडीला एक इंग्रजी दैनिक आहे. सकाळी पहिल्या चहाच्या आत दाराच्या कडीत अंक असावा, एवढीच माझी अपेक्षा होती आणि बहुतेक दिवस ती पूर्ण झाली आहे.

ही वेळ पाळणे वाटते तितके सोपे नाही. छापखान्यातून आलेले गठ्ठे पहाटे चौकात उतरतात, तिथेच फुटपाथवर बसून अंकांत पुरवण्या आणि जाहिरातींची पत्रके भरली जातात आणि मग प्रत्येकाची ‘लाइन’ सुरू होते. आमच्या लाइनवरचा मुलगा लिफ्टने थेट सातव्या मजल्यावर जातो आणि जिन्याने अंक टाकत खाली उतरतो. चौथ्या मजल्यावर त्याच्या चपलांचा आवाज आला की आई गॅसवर आधण ठेवते.

तक्रारीच्या जागा दोन आहेत. पावसाळ्यात अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून देण्याचे आश्वासन होते, पण गेल्या जुलैत सलग तीन दिवस तो भिजून आला आणि आईने इस्त्री फिरवून वाळवला. दुसरी तक्रार बिलाची. प्रजासत्ताक दिनी वृत्तपत्रांच्या कार्यालयांना सुट्टी असल्याने २७ जानेवारीला अंक निघत नाही, हे विक्रेत्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. तरीही जानेवारीच्या बिलात ३१ दिवसांचे पैसे लावलेले होते. रविवारची पुरवणी गहाळ झाल्यास मात्र फोन केल्यावर ती दुपारपर्यंत आणून दिली जाते, हे नमूद केले पाहिजे.

बातम्या मोबाइलवर रात्रीच वाचून झालेल्या असताना हा खर्च कशाला, असे माझा मुलगा विचारतो. २०२० सालच्या टाळेबंदीत अंक घरी येणे थांबले तेव्हा ई-पेपर वाचून पाहिला होता, पण एका पडद्यावर तीन माणसांना वाचता येत नाही. छापील अंकाची पाने सुटी होतात. मला अग्रलेख, आईला निधनवार्ता आणि शब्दकोडे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला क्रीडापान. गुरुवारी कोणत्या भागात पाणी बंद राहणार, ही चौकट तर आई कापून फ्रिजवर लावते. शिवाय रद्दीचे चार पैसे येतात आणि कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला कागद मिळतो. (भजी मात्र त्यावर काढू नयेत, छपाईच्या शाईमुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली आहे.)

एकंदरीत पाचपैकी साडेतीन गुण. वेळेच्या बाबतीत ही सेवा निर्धास्तपणे घ्यावी, हिशेबाच्या बाबतीत स्वतः लक्ष ठेवावे. मी आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खाड्यांच्या फुल्या मारतो; मागच्या महिन्यात दोन फुल्या होत्या आणि दिनदर्शिका दाखवताच दोन्ही दिवसांचे पैसे वजा झाले.