लाल गाडीचं टोकन

ज्या लाल गाडीसाठी माझ्या दाजींनी 25,000 रुपये टोकन, म्हणजे गाडी राखून ठेवायची आगाऊ रक्कम, पाठवलं, ती लाल गाडी कुठे नव्हतीच. जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या यार्डात उभी होती ती पांढरी. तिचेच फोटो लाल करून दाजींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते.

मी साताऱ्यात लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. शालूचा रंग बदलणं, मांडवाची कनात हवी त्या रंगाची करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हे कसं केलं होतं ते मला नीट सांगता येईल. जुनी गाडी घेणारी माणसं बहुतेक आमच्यासारखीच असतात, पैसे साठवून घेणारी. त्यांच्यापर्यंत हे पोचावं एवढ्यासाठी लिहितोय.

दाजी फलटणला असतात. ताईच्या मनात लाल रंगाची छोटी गाडी होती. पुण्याजवळच्या एका यार्डाची जाहिरात त्यांना मोबाइलवर दिसली. नंबर लावला तर समोरचा माणूस अगदी गोड बोलणारा. "काका, सिंगल ओनर आहे, ओरिजिनल पेंट, कुठे टचअप नाही. पण तीन पार्ट्या मागे लागल्यात. तुम्ही टोकन टाका, मी गाडी होल्ड करतो." पाठोपाठ फोटो आले. समोरून, बाजूने, मागून, सगळीकडून झळझळीत लाल. नंबर प्लेटवर पांढरी पट्टी मारलेली. ती का, असं दाजींनी विचारलं, तर म्हणे "सेफ्टीसाठी, काका, सगळेच लावतात." हे मात्र खरंच आहे. बरेच प्रामाणिक लोकही नंबर झाकतात, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला शंका येत नाही.

टोकन गेलं. दोन दिवसांनी दाजी आणि ताई लोणंद, जेजुरी, सासवड करत दिवे घाट उतरून यार्डात पोचले. तिथे ऐकायला मिळालं, "लाल गाडी काल रात्रीच गेली हो, मालकाने परस्पर दिली. ही पांढरी बघा, सेम मॉडेल, सेम साल. तुमचं टोकन हिच्यात धरतो, वर पाच हजार कमी करतो." पांढऱ्या गाडीचं स्टिअरिंग घासून गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हरची सीट बसकी, पेडलचं रबर झिजलेलं, आणि मीटर मात्र 38,000 किलोमीटर दाखवत होता. ताई नको म्हणाली. पैसे परत मागितले, तर मोबाइल पुढे करून त्याने मेसेजमधली शेवटची ओळ दाखवली: टोकन परत मिळणार नाही.

माझ्या मते मूळ डाव टोकन खाण्याचा नव्हता. पैसे अडकलेला, लांबून आलेला, बायकोमुलांना सोबत आणलेला माणूस हात हलवत परत जायला तयार होत नाही. अशा माणसाच्या गळ्यात ती न खपणारी पांढरी गाडी मारायची होती. नाही घेतली, तर टोकन आहेच.

त्या रात्री दाजींनी मला फोटो पाठवले. मोठे करून पाहिले आणि काही मिनिटांत कळलं.

रंग बदलायचं तंत्र फार अवघड नाही. गाडीचा पत्रा तेवढा निवडायचा, बाकी भाग मास्कने झाकायचा आणि वरच्या लेअरवर, म्हणजे फोटोवर चढवलेल्या थरावर, नवा रंग द्यायचा. खालची सावली आणि चकाकी तशीच राहते, म्हणून गाडी खरी वाटते. फोटोशॉपमध्ये हे पूर्वीपासून होतंय. आता मोबाइलमधलं अ‍ॅप एका टचमध्ये करून देतं, त्याला कारागिरी लागत नाही. यात मुळात वाईट काही नाही. कंपन्या आपल्या वेबसाइटवर गाडीचे सगळे रंग असेच दाखवतात, पेंटरही गिऱ्हाइकाला आधी नमुना दाखवतो. पण तिथे पाहणाऱ्याला ठाऊक असतं की हा नमुना आहे.

पांढऱ्याचं लाल करताना एक अडचण येते. लाल गाडीची निळी करायची तर ह्यूची, म्हणजे रंगछटा बदलणारी, पट्टी सरकवली की भागतं. पांढऱ्यात मुळात रंगच नसतो, त्यामुळे ती पट्टी कितीही सरकवली तरी काही घडत नाही. वरून रंग ओतावा लागतो, मल्टिप्लायसारख्या, म्हणजे खालच्या चित्रात वरचा रंग मिसळणाऱ्या मोडमध्ये. इथेच चोरी उघडी पडते. गडद रंगाची पॉलिश केलेली गाडी आरशासारखी असते. तिच्या दारात समोरची भिंत, झाड, फोटो काढणाऱ्याचे पाय, सगळं उमटतं. पांढऱ्या पत्र्यावर ही प्रतिबिंबं जवळजवळ दिसत नाहीत, कारण पांढरा रंगच इतका प्रकाश परत फेकतो की त्यात ती बुडून जातात. म्हणून पांढऱ्याची लाल केलेली गाडी सपाट दिसते, प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी. दाजींच्या फोटोत ऊन कडक होतं, शेजारी टायरची चळत होती, आणि लाल दारात त्या टायरचा मागमूस नव्हता.

पुढचं तर कुणालाही दिसेल असं होतं. मागच्या बाजूने काढलेल्या फोटोत साइड मिररच्या काचेत गाडीच्या स्वतःच्या दाराची पट्टी दिसते. ती पांढरी होती. खिडकीच्या काचेतून पलीकडच्या दाराची चौकट दिसत होती, तीही पांढरी. दाराच्या रबराला लाल रंग लागलेला, आणि हँडलच्या खाचेत मात्र पांढरा राहिलेला. लाल गाडी उन्हात उभी असली की खालच्या फरशीवर आणि शेजारच्या फिक्या गाडीवर तांबूस झाक पडते. इथे फरशी कोरडी राखाडी होती. आतल्या सीटचा एकही फोटो दार उघडं ठेवून काढलेला नव्हता. दार उघडलं असतं तर चौकटीचा पत्रा दिसला असता.

तरी पुरावा हवा म्हणून मी एका मित्राला त्याच नंबरवर मेसेज करायला लावला: हेच मॉडेल निळ्यात आहे का? संध्याकाळी फोटो आले. तीच टायरची चळत, बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर तोच चंद्रकोरीसारखा ओरखडा, जमिनीवर तीच सावली. गाडी निळी. सोबत तेच वाक्य, तीन पार्ट्या मागे आहेत.

तेव्हा गाडी पाहायला निघण्याआधी, आणि एक रुपयाही देण्याआधी, व्हिडिओ कॉल लावायला सांगा. कॉल चालू असतानाच दार, बॉनेट आणि पेट्रोलचं झाकण उघडायला सांगा. "नेट नाही", "माणूस बाहेर गेलाय" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. आरसीच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या, दोन्ही बाजूंचे फोटो मागवा, आरसीवर रंगाची नोंद असते. गाडी खरोखर वेगळ्या रंगाने रंगवली असेल, तर तो बदल आरटीओकडून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. नंबर मिळाला की सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी जुळवून पाहा. नंबरच द्यायला नकार असेल तर टोकनचा विषय काढू नका. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते बिनधास्त मागा, मागण्यात गैर काही नाही.

फोटोच्या फाइलमध्ये एडिटिंगची नोंद सापडेल असं कुणी सांगेल. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका.

आणि पैसे गेलेच असतील तर गप्प बसू नका. दाजी आधी म्हणत होते, "जाऊ दे, पंचवीस हजारांसाठी कुठे कोर्टकचेऱ्या करायच्या?" रक्कम मुद्दाम तेवढीच मागितलेली असते, माणूस चडफडेल पण भांडणार नाही अशी. मला याचाच सर्वांत जास्त राग येतो. ऑनलाइन पैसे गेले की ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. फसवणुकीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 420 खाली यायचा, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. म्हणजे दाजींना पुण्याला खेटे घालायची गरज नव्हती. चॅट, फोटो, पेमेंटची पावती यातलं काहीही डिलीट करू नका. फोटो मूळ मोबाइलमध्येच राहू द्या.

पोलिस ठाण्यात अर्ज दिल्यावर त्या माणसाचा फोन आला. पहिल्यांदाच तो "काका" म्हणाला नाही. 10,000 परत आले, उरलेले "पुढच्या महिन्यात" म्हणाला आणि मग फोन उचलणं बंद केलं. आता साताऱ्याच्या जिल्हा आयोगात दाजींची तक्रार दाखल आहे. लाल, निळे आणि मूळ पांढरे असे फोटो शेजारी शेजारी छापून, तो ओरखडा प्रत्येकावर गोल करून मी सोबत जोडले आहेत. कराडच्या एका गृहस्थांनी त्याच यार्डाला करड्या रंगाच्या गाडीसाठी टोकन दिलं होतं, ओळखीतून त्यांचा पत्ता लागला. त्यांच्या फोटोतही तो ओरखडा आहे. त्यांची तक्रार या आठवड्यात जाते आहे.