प्रेशर स्विच: चार तारे, शिव्या परत घेतल्या

इचलकरंजीत आमचं छोटं प्रोसेस युनिट आहे. ५ एचपीच्या बूस्टर पंपावर हा स्विच दिवाळीनंतर बसवला. पाण्याचा दाब २ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) उतरला की पंप चालू, ४ किलोवर चढला की बंद. महिनाभर छान चालला. मग टकटक सुरू झाली, पंप दर चार-पाच सेकंदांना चालू-बंद. मी स्विचलाच शिव्या घातल्या, दुकानदाराला फोनवर नको ते बोललो.

आमचे वायरमन मामा आले. स्विचला त्यांनी हातही लावला नाही. मेन पाडला, लाइनमधलं पाणी सोडलं आणि प्रेशर टाकीच्या व्हॉल्व्हला टायरवाल्याचा गेज लावला. हवा जवळपास शून्य! टाकीत हवेची गादीच नाही, म्हणून दाब क्षणात चढत-उतरत होता. पंप चालू होतो त्या दाबापेक्षा जराशी कमी, म्हणजे १.८ किलो भरली आणि टकटक गायब.

एक तारा का कापला? स्विचकडे येणारं भोक फार बारीक आहे. आमच्या जुन्या पाइपातला गंज तिथे बसतो, स्विचला दाब कळत नाही आणि पंप थांबायचं नाव घेत नाही. शिवाय आतल्या दोन स्प्रिंगांपैकी कुठली कशाची, हे झाकणावर छापायला काय जात होतं?

स्विचमधले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, मात्र अजून स्वच्छ आहेत. मोटारीचा करंट त्यांतून नेलेलाच नाही. स्विच फक्त स्टार्टरची कॉइल ओढतो, मोटारीचा करंट स्टार्टरमधून जातो. शेजारच्यांनी मोटार थेट जोडली होती, ते चौथ्या महिन्यात चिकटलेले पॉइंट पॉलिश पेपरनं घासत बसले होते.

दुसऱ्या पंपाला हाच घेतलाय. दुकानदाराला चहा पाजायचा राहिलाय.