टेबलावरचं असई गाव: घरं जमिनीत मुरवायला काय काय वापरलं, पावसाळा ते उन्हाळा वापरून काय टिकलं

वॉरगेमिंगचं, म्हणजे छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळायचं, टेबल मांडणाऱ्या बहुतेकांची अडचण एकच असते. घरं छान रंगवलेली असतात, मॅट, म्हणजे टेबलावर अंथरायची जमिनीसारखी चटई, चांगली असते, सैनिकांवर तर रात्री घालवलेल्या असतात, पण घर टेबलावर ठेवलं की ते आणून ठेवलेलंच दिसतं, तिथल्या मातीतून वर आलंय असं काही वाटत नाही. मी गेल्या पावसाळ्यापासून २८ मिमी स्केलमध्ये (माणूस साधारण २८ मिमी उंच) असईच्या लढाईसाठी गाव बनवून वापरतोय, पेटीतून काढणं, खेळणं, परत भरणं, मित्राच्या घरी गाडीतून नेणं हे सगळं त्या गावाचं झालंय, त्यामुळे कुठली गोष्ट फक्त फोटोपुरती चांगली आणि कुठली खऱ्या वापरात टिकते हे आता नीट सांगता येईल.

आधी असई का ते सांगतो, कारण त्यावरूनच पुढचे सगळे निर्णय झाले. असई जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीकडचा सेनापती आर्थर वेलस्ली इथे भिडले. ह्या लढाईत गावं म्हणजे मागची सजावट नाही. जवळपास केळणा नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही असं वाटाड्यांनी सांगितलेलं, पण वेलस्लीला दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावं समोरासमोर दिसली आणि त्याने ताडलं की एवढ्या जवळ दोन गावं वसलीत म्हणजे मधे उतार असणारच, आणि तो निघाला. मग केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली, शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमनच्या हाताखालच्या कवायती पलटणींनी तोंड फिरवून नवी फळी धरली, तिचं डावं टोक असई गावाला टेकलेलं, मातीच्या भिंतींआड पायदळ आणि तोफा, आणि त्या गावाच्या फार जवळ सरकलेली इंग्रजांकडची ७४ वी हायलँडर पलटण जवळजवळ कापली गेली. कंपनीकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजाराच्या वर गेले. म्हणजे गेममधे सगळ्यांची नजर त्या एका गावावर असते, ते खोटं दिसलं तर सगळं टेबल खोटं दिसतं.

घरं माळवदाची आहेत, सपाट मातीचं छप्पर, जाड भिंती, लहान दारं. बहुतेक लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेतलेल्या ३ मिमी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची शीट), काही मित्राने थ्रीडी प्रिंट करून दिलेली पीएलए प्लास्टिकची. भिंतींवर अ‍ॅक्रिलिक वॉल पुट्टी बोटाने फासली, ब्रशने नाही, बोटाने, कारण हाताने सारवलेल्या भिंतीचा जो उंचसखलपणा असतो तो बोटानेच येतो. पीएलएच्या प्रिंटच्या थरांच्या रेषा पण त्याच पुट्टीखाली गेल्या आणि आता कुठलं घर कशाचं आहे ते हात लावल्याशिवाय कळत नाही. हा भाग शंभर टक्के जमलेला आहे, ह्यावर जास्त बोलत नाही.

खरा प्रश्न भिंत आणि जमीन जिथे भेटते तिथे आहे. नीट बघा, घर वेगळं का दिसतं तर भिंतीच्या किंवा बेसच्या (घराखालच्या पाटीच्या) खाली एक बारीक काळी फट असते, सावलीची रेघ, आणि डोळा नेमका तिथे जातो. वरती कितीही गवत आणि झुडपं चिकटवा, ती रेघ दिसली की संपलं. लोक काय करतात, प्रत्येक घराला स्वतःचा बेस देतात, कडा घासून तिरप्या करतात, त्यावर माती-गवत करतात. मी पण काही घरं तशी करून बघितली, ती मी अजून वापरतो, सुटं एखादं शेतातलं घर असेल तर ही पद्धत चालते. पण आठ-दहा घरं दाटीने मांडायची म्हटली की प्रत्येकाभोवती आपापलं अंगण घेऊन बसलेली बेटं दिसतात आणि मधे मॅटची गल्ली, जुन्या गावाची दाटी काही येत नाही.

मग मी बेस घराला न देता गावाला दिला. जुनं गावठाण आजूबाजूच्या शेतांपेक्षा थोडं उंच असतं हे आपल्याकडे कुणालाही माहीत आहे, पिढ्यानपिढ्या भिंती पडायच्या, त्यावरच नवीन घर, चुलीची राख, शेण, सगळं तिथेच जिरायचं. तेच केलं. १२ मिमी जाडीच्या एक्सपीएस फोमच्या शीटचा एक लांबट उंचवटा, कडा जवळजवळ वीतभर अंतरात हळूहळू शून्यावर आणलेल्या, आणि त्यात प्रत्येक घराच्या मापाचा ३ मिमी खोल खड्डा. घर त्या खड्ड्यात बसतं, भिंतीचं तळ जमिनीच्या खाली जातं आणि काळी रेघच राहत नाही. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडला तो दुसऱ्या कशानेच पडला नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय. खड्डा घरापेक्षा जेमतेम अर्धा मिमी मोठा ठेवा, आणि पुट्टी लावून झाल्यावरचं माप घ्या, पुट्टीची जाडी धरायला लागते.

आता रंग. गावाची माती पांढरी आणि शेताची काळी, हे मराठवाड्यात डोळ्यांनी दिसतं. घरं त्याच पांढऱ्या मातीची असतात. म्हणून भिंतीचा रंग आणि गावठाणाचा रंग मी एकाच डब्यातून घेतला, आणि उंचवट्याच्या उतारावर तो हळूहळू काळीत मिसळत नेला, स्पंजने, ठिपके ठिपके करत. घर आणि जमीन एकाच मिश्रणाची असली की डोळा त्यांना वेगळं काढत नाही. दुसरं म्हणजे लढाई सप्टेंबरची, म्हणजे पावसाळ्याचा शेवट, भिंतींवर चिखल उडालेला असणार. २८ मिमी सैनिकाच्या गुडघ्यापर्यंत, म्हणजे सात-आठ मिमी, भिंतीच्या पायथ्याला ओला गडद पट्टा दिला, वरची कड वेडीवाकडी, आणि त्यावर जुन्या टूथब्रशने शिंतोडे. सगळ्यात शेवटी एकच फिका रंग घेऊन जमीन, भिंत, छपराची कड आणि सैनिकांचे बेस ह्या सगळ्यांवर हलका ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने वरवर रंग. कॅमलचे अ‍ॅक्रिलिक रंग ह्याला पुरतात, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, काळा आणि पांढरा, बास. इम्पोर्टेड रंग सैनिकांसाठी ठेवा, जमिनीला लिटरने रंग लागतो.

खरी काळी माती वापरावी असं सगळ्यांनाच वाटतं, मला पण वाटलं, आणि थोडी वापरलीच आहे. पण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते, शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात त्याच कारणाने टेबलावर पण पडतात, आणि ती भेग २८ मिमीच्या सैनिकासमोर चक्क दरी दिसते. म्हणून माती कमी, बारीक वाळू जास्त. चाळणी चहाची घ्या, कारण ह्या स्केलला १ मिमीचा खडा म्हणजे खऱ्यातला साडेपाच सेंटीमीटरचा दगड. गल्लीत असे दगड पसरलेले दिसले तर विचित्र वाटतं. सगळ्यात बारीक पोतासाठी पांढरी रांगोळी उत्तम, गोंद ओला असताना वरून भुरभुरवली की अंगणातली चोपलेली जमीन मिळते. आणि एक, खरी माती गोंद लागला की काळपटते आणि वाळल्यावर पण पूर्ण परत येत नाही, त्यामुळे खरी माती असली तरी वरून रंगवायलाच लागते. बाहेरची माती घरात आणायच्या आधी ओव्हनमधे किंवा तव्यावर तापवून घ्या, बिया आणि किडे दोन्ही जातात. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव उगवलेला छान वाटतो, इथे नको.

पावसाळ्यात टिकण्याबद्दल. ज्या सुट्या घरांना एमडीएफचा बेस आहे त्यातले जे फक्त वरून गोंद-वाळू लावलेले होते ते जुलैत केळीच्या पानासारखे वळले. एका बाजूने पाणी प्यायलं की एमडीएफ वळतं, त्याला इलाज म्हणजे आधी दोन्ही बाजूंना आणि कडांना लाखेचं पॉलिश किंवा प्रायमर देणे, कडा विशेष, कारण पाणी तिथूनच शिरतं. ज्यांना असं सील केलं ते आजही सपाट आहेत. सुट्या बेससाठी पीव्हीसी शीट जास्त बरी, वळत नाही. एक्सपीएसचा उंचवटा तर सगळा पावसाळा पुण्यात बाल्कनीशेजारच्या कपाटात काढून जसाच्या तसा आहे. फक्त स्प्रे रंग थेट त्यावर कधी मारू नका, स्प्रेमधल्या सॉल्व्हंटने फोम विरघळतो, आधी गोंद आणि रंगाचा जाड थर द्यायचा. पीएलएच्या घरांना मात्र उन्हाळ्यात जपा, साठ अंशाच्या आसपास पीएलए मऊ पडतं आणि बंद गाडीत डॅशबोर्डजवळ तेवढं तापमान सहज जातं.

गवताचा अ‍ॅप्लिकेटर (कृत्रिम गवताचे तंतू टाकायचं विजेवरचं यंत्र) घ्यावा का असं बरेच जण विचारतात. घ्या, पण घराच्या आधी नको. त्याने गवत उभं राहतं हे खरं, हाय व्होल्टेजमुळे एकेक तंतू सरळ चिकटतो आणि हाताने टाकलेल्या गवतापेक्षा शंभरपट बरं दिसतं. पण दमट हवेत माझ्याकडे ते गुठळ्या धरत होतं, ऑक्टोबर उजाडल्यावर तेच यंत्र मस्त चाललं. गावात मी २ मिमीचं वापरलं, उतारावर ४ मिमी, आणि लक्षात घ्या, भिंतीला लागून सगळीकडे गवत लावायचं नाही. माणसं जिथे चालतात तिथे गवत नसतं, दाराजवळ नाही, गल्लीच्या मधोमध नाही. ते घराच्या मागच्या भिंतीला, कोपऱ्यात, पन्हळीचं पाणी पडतं तिथे. उंच गवताला आणि कडब्याला नारळाचा काथ्या कापून वापरला, रंगवायची पण फार गरज पडली नाही. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त झिजलेली गोष्ट म्हणजे हे गवतच, हात लागतो तिथलं झडतं, वरून पातळ केलेला मॅट वार्निश फवारला की बराच काळ धरून राहतं.

खेळताना अजून एक फायदा झाला जो मी ठरवला नव्हता. उंचवट्याची कड हीच गावाची हद्द झाली, कोण गावात आहे आणि कोण बाहेर ह्यावरचे वाद बंद. घरं खड्ड्यातून उचलता येतात म्हणून पलटण आत घातली की घर बाजूला ठेवून तिथे सैनिक उभे करतो, आणि खड्ड्याच्या तळाला पण सारवलेल्या जमिनीचा रंग दिलाय त्यामुळे तो घराचा आतला भाग वाटतो. तोट्याची बाजू सांगायची तर गावाचा आराखडा ठरून जातो, आज असई आणि उद्या दुसरंच काही असं होत नाही. ज्याला दर रविवारी वेगळं टेबल पाहिजे त्याने सुटे बेसच करावेत, पण रंग मॅटवरून घ्यावा, मॅट दिवसाउजेडी बाल्कनीत नेऊन तिच्या शेजारी रंग कालवावा, ट्यूबलाइटखाली कालवलेला रंग दिवसा वेगळाच निघतो. शिवाय ह्या एका उंचवट्याला पेटी मोठी लागते, दुचाकीवरून नेता येत नाही.

आता पिंपळगाव आणि वरूड करायला घेतलीत, ती लहान आहेत, तीन-चार घरांची. त्यांच्यासाठी मिश्रण तेच ठेवलंय: चाळलेली बारीक वाळू दोन वाट्या, चाळलेली माती अर्धी वाटी, रांगोळी अर्धी वाटी, अ‍ॅक्रिलिक वॉल पुट्टी एक वाटी, पांढरा गोंद पाऊण वाटी, रंग अंदाजाने आणि पाणी अगदी चमचा-चमचा करत, श्रीखंडाएवढं घट्ट होईपर्यंत. एक थर दोन मिमीच्या वर देऊ नका, आणि पुढचा थर पहिला पूर्ण वाळल्यावरच. झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस सहज राहतं, दोन्ही गावं एकाच घाण्यातून होतील एवढं एकदम कालवा, कारण दुसऱ्या घाण्याला तोच रंग तंतोतंत येत नाही.