जुन्या स्मिथ अँड वेसनचा ऐतिहासिक दाखला : मागवावा का?

मामांच्या पश्चात परवाना आणि हस्तांतराचे सोपस्कार रीतसर पूर्ण करून त्यांचे, स्मिथ अँड वेसन या अमेरिकी शस्त्रनिर्मात्या कंपनीचे रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आले, तेव्हा ते कोणत्या सालचे आहे आणि संग्राहकांच्या दृष्टीने त्याचे मोल काय, हे दोनच प्रश्न माझ्यापुढे होते. ज्या मूल्यमापकाकडे मी प्रथम गेलो, त्यांनी नळीवरची अक्षरे भिंगातून वाचली आणि शस्त्र १९१४ सालचे असल्याचे लिहून दिले. नळीच्या माथ्यावर शेवटची तारीख खरोखरच २९ डिसेंबर १९१४ अशी आहे. परंतु ती पेटंटची तारीख आहे, आणि तोच ठसा पुढे कित्येक वर्षे नव्या नळ्यांवर उमटत राहिला. अनुक्रमांक म्हणून त्यांनी जो आकडा नोंदवला, तो सिलिंडर बाजूला उघडल्यावर सांगाड्याच्या खाचेत दिसणारा, कारखान्यातील जुळणीपुरता असलेला आकडा होता. खरा अनुक्रमांक मुठीच्या तळाशी, दोर अडकवण्याच्या कडीपाशी असून तो ‘व्ही’ या अक्षराने सुरू होतो, आणि हे अक्षर १९४२ ते १९४५ या काळातील ‘व्हिक्टरी’ या युद्धकालीन मॉडेलची खूण आहे. शुल्क घेऊन दिलेल्या लेखी मतात अशी चूक व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटले, आणि म्हणूनच कंपनीच्या जुन्या नोंदी पाहून शस्त्राचा इतिहास पत्राने कळवणाऱ्या स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडे मी दाखल्यासाठी अर्ज केला.

अर्ज सोपा आहे. त्यात अनुक्रमांक, कॅलिबर, नळीची लांबी आणि ठशांचा तपशील भरून सोबत छायाचित्रे जोडावी लागतात. दोन्ही बाजूंची छायाचित्रे स्वच्छ, सावलीविना घ्यावीत, कारण त्यांवरूनच मॉडेलची ओळख पक्की केली जाते.

आलेल्या पत्रात मॉडेलचा थोडक्यात इतिहास, मूळची नळी पाच इंचांची, कॅलिबर .३८ एस अँड डब्ल्यू, आणि रिव्हॉल्व्हर १९४३ मध्ये लष्करी खरेदीपोटी कारखान्यातून रवाना झाल्याची नोंद आहे. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. पत्रातील तारीख रवानगीची असते, घडणीची नव्हे. शस्त्रे अनुक्रमांकांच्या ओळीने बाहेर पडत नसत, त्यामुळे दोन लगतच्या क्रमांकांच्या तारखांत बरेच अंतर असू शकते. वयाच्या प्रश्नाचे इतके विश्वासार्ह उत्तर मला अन्यत्र मिळाले नसते, आणि या बाबतीत मी या सेवेवर पूर्ण समाधानी आहे.

मोलाविषयी मात्र पत्र काही सांगत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. कारखान्यातून बाहेर पडल्यावर शस्त्राचे काय झाले, हे शस्त्रावरच वाचावे लागते. माझ्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर आणि सिलिंडरवर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे, म्हणजे खासगी विक्रीपूर्वी शस्त्रांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे ठसे आहेत, म्हणजे ते ब्रिटनमध्ये सेवेतून निघून खासगी बाजारात आले. त्याच ठशांत काडतुसाच्या कोशाची लांबी ०.७६७ इंच अशी कोरलेली आहे. ही बाब महत्त्वाची अशासाठी, की युद्धानंतर या मालिकेतील असंख्य रिव्हॉल्व्हरांचे चेंबर .३८ स्पेशल हे अधिक लांब काडतूस बसावे म्हणून आतून कोरून वाढवले गेले. स्पेशलचा कोश लांब असला तरी घेराने बारीक असतो. त्यामुळे अशा चेंबरमध्ये तो फुगतो किंवा तडकतो, आणि संग्राहक अशा शस्त्राकडे पाठ फिरवतो. माझ्या सिलिंडरमधून उजेडाकडे पाहिले असता चेंबरमधील मूळची पायरी, म्हणजे कोशाचे टोक जिथे संपते तिथली अरुंद होणारी कड, जागेवर दिसते. नळीही कापलेली नाही, कारण नेम धरण्यासाठीची समोरची माशी नळीशी एकसंध आहे; कापलेल्या नळीवर ती वेगळी बसवावी लागते आणि सांधा भिंगाखाली लपत नाही.

शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून मी मुठीचा स्क्रू सोडवला. उजव्या लाकडी फळीच्या आतल्या बाजूस, काळवंडलेल्या अक्रोडावर, मुठीच्या तळाशी असलेलाच अनुक्रमांक होता. तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या अंगाला आहे. सर्व जागी एकच क्रमांक सापडला तो क्षण मला पत्र हाती आले त्या क्षणाहून मोठा वाटला, हे नमूद केले पाहिजे.

शेवटी उरतो पृष्ठभाग, आणि बहुतेक मोल तेथेच ठरते. व्हिक्टरीचा मूळ मुलामा मंद, करडा असतो. चकचकीत निळेकाळे व्हिक्टरी सुंदर दिसले तरी ते नंतर घासून पुसून रंगवलेले असते. त्याच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि स्क्रूंच्या छिद्रांभोवती खळगे पडतात. माझ्याकडील शस्त्राचा मुलामा नळीच्या टोकाशी आणि सिलिंडरच्या कडांवर झिजला आहे, पण तो मूळचा आहे, आणि तो उजळवून घेण्याचा सल्ला मी नाकारला.

क्रमांक जुळत असतील आणि चेंबर व नळी मूळची असेल, तर हा दाखला अवश्य मागवावा. विक्रीच्या वेळी तो शस्त्रासोबत जातो आणि खरेदीदाराचा संशय मिटवतो. नळी कापलेली किंवा मुलामा नवा असल्यास केवळ किमतीच्या आशेने त्यावर खर्च करू नये.