राजापूरच्या वखारीचं येणं आणि माझे दोन लाख चौदा हजार

मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून ‘शिकली-सवरलेली बाई अशी कशी फसली’ हा प्रश्न तुम्हाला पडणारच आहे. पोलीस ठाण्यातल्या पोरसवदा हवालदारालाही तो पडला होता. समोरचा माणूस मला नव्वद टक्के खरा इतिहास सांगत होता. त्या नव्वद टक्क्यांवर मान डोलावता डोलावता उरलेले दहा मी कधी गिळले ते कळलंच नाही.

सासरचं मूळ गाव राजापूर तालुक्यातलं. कुलवृत्तांताची पहिली आवृत्ती सासऱ्यांच्या वेळी निघाली होती. दुसरी काढायचं घाटत होतं आणि ‘तू निवृत्त आहेस, तुला वेळ आहे’ या न्यायाने ते काम माझ्या गळ्यात पडलं. घराण्यात एक दंतकथा आहे. कुणी एक मूळपुरुष राजापूरला इंग्रजांच्या वखारीत दुभाषा होता आणि वखार उठली तेव्हा त्याचे पैसे बुडाले. कागद एकही नाही. आजेसासूबाई म्हणे कुणी उधारी थकवली की म्हणायच्या, “हे वखारीचं येणं, विसरा आता.”

गेल्या वर्षी श्रावणात अप्पाभाऊजींचा फोन आला. हे माझे चुलत दीर, घरातले सगळ्यात व्यवहारी गृहस्थ. “वहिनी, लंडनला एक मुलगा आहे. आपल्याकडचाच. ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या दप्तरात त्याच्या ओळखी आहेत. मी शब्द टाकलाय.”

मुलाने त्याच रात्री व्हिडिओ कॉल केला. मागे पुस्तकांची कपाटं, आवाज गोड, मराठी स्वच्छ. मी शिक्षिका होते हे कळल्यावर दुसऱ्या वाक्यापासून त्याने मला ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली. निवृत्तीनंतर बाई म्हणणारं कुणी उरत नाही. त्या एका शब्दात माझी अर्धी सावधगिरी गेली, हे आज कबूल करते.

फीचं विचारलं तर कानाला हात लावून म्हणाला, “तुमच्याकडून फी?” मग तासभर त्याने कंपनीचं आतलं जग उलगडून दाखवलं. पगार किरकोळ असत, खरी कमाई खासगी व्यापारात. नोकरी मिळायची ती लंडनमधल्या कुणाच्या तरी शब्दावर, वर जामीन द्यावे लागत. स्ट्रेनशॅम मास्टर नावाचा इंग्रज १६५६ साली पंधरा-सोळा वर्षांचा पोर म्हणून सुरतेला आला तो मामाचं बोट धरून. मामा म्हणजे जॉर्ज ऑक्सिंडेन, पुढे सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष झालेला. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वखार राखून बसलेला तो हाच. भाचा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेकाला आलेला हेन्री ऑक्सिंडेनही त्याच घराण्यातला.

“म्हणून बाई, त्या दप्तरात नुसतं नाव शोधून काही सापडत नाही. कोण कुणाचा माणूस होता ते शोधावं लागतं. तुमच्या मूळपुरुषाचा साहेब सापडला की मूळपुरुष सापडला.”

यातलं ऑक्सिंडेनचं, मास्टरचं, जामिनाचं सगळं खरं आहे. मी नंतर एकेक ताडून पाहिलं. आधी ताडलं नाही.

आठ-दहा दिवसांनी फोटो आला. पिवळट कागद, तपकिरी शाई, खाली राजापूर, साल १६५९, आणि मधल्या एका ओळीत वेड्यावाकड्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आमचं आडनाव. मी तो फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला. देवापुढे दिवाही लावला, हसायचं तर हसा. पत्रात दोन ठिकाणचं साल एकमेकांशी जुळत नव्हतं, ते मी विचारलं. तो म्हणाला, “बाई, तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. जानेवारी-फेब्रुवारीची पत्रं जुन्याच सालात पडतात.” हेही खरं! मला स्वतःच्या अज्ञानाची लाज वाटली आणि त्याच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. शंका विचारली की असं पक्कं उत्तर येई, त्यामुळे पुढे शंका येईनाशाच झाल्या.

मग पहिली मागणी आली, तीही किती अदबीने! दप्तरातला जो माणूस बंद कपाटातली कागदपत्रं काढून देतो, तो पैशाला हात लावत नाही, पण भेट घेतो. “टॉमस रोची मोत्याची गोष्ट तुम्ही शिकवली असेलच.” मी शिकवली नव्हती, शालेय पुस्तकात इंग्लंडच्या राजाचा वकील रो १६१५ साली जहांगीराकडे आला एवढंच असतं. गोष्ट अशी, की दरबारातला बडा अमीर आसफखान रोची कामं अडवून धरत होता. १६१७ मध्ये रोने एक मोठा मोती दुसऱ्या कुणाला न दाखवता गुपचूप आधी त्याला देऊ केला, आणि खानसाहेबांचा नूर पालटला. अडलेली कामं हलू लागली. “दरबार बदलतात, बाई. रीत तीच.” मी एक शाल त्याने सांगितलेल्या मुंबईच्या पत्त्यावर पाठवली आणि भेटीचे म्हणून १२,००० रुपये यूपीआयने टाकले.

त्यानंतर ३८,००० गेले, ‘वरच्या’ बाईंसाठी. त्या मूळ कागदाची शिक्क्यासह नक्कल देणार होत्या.

इथपर्यंत मामला कुलवृत्तांतापुरता होता. गळ खोल बसला तो रुस्तम माणेकच्या गोष्टीने. सुरतेचा हा पारशी दलाल इंग्रजांच्या नव्या (पुढे जुनीत मिसळलेल्या) कंपनीचं काम बघायचा. कंपनीकडे त्याचं मोठं येणं राहिलं. तो १७२१ साली गेल्यावर वसुलीवरून मुलांनाच अटकेत टाकायची वेळ आली. तेव्हा धाकटा नौरोजी जहाजात बसून थेट लंडनला गेला, संचालकांपुढे उभा राहिला, आणि १७२५ साली लवादाचा निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. रक्कम साडेपाच लाख रुपयांच्या घरात. डोंगरीतली नौरोजी हिल त्याच्याच नावाची.

“तुमचंही येणं आहे, बाई,” तो हळूच म्हणाला. “कंपनीचं सगळं देणं पुढे सरकारकडे गेलं. अशी खाती अजून पडून आहेत. फक्त योग्य माणसाकडे शब्द पडला पाहिजे.”

हे वाक्य खोटं होतं. पण त्याच्या आधीची वीस वाक्यं खरी होती, त्या रांगेत हेही घुसलं. ओळखीच्या सॉलिसिटरला ‘बोलतं करायला’ माझे ६४,००० गेले. मग मीच नातेवाइकांच्या ग्रुपवर अभिमानाने सगळं लिहिलं, आणि आठ घरांतून मिळून १,००,००० गोळा केले. त्या एक लाखाची सल मला सगळ्यात जास्त आहे. मी नंतर ते माझ्या ठेवीतून एकेकाला परत केले, म्हणून हिशेबात माझेच धरते. एकूण २,१४,०००. चार वेळा पैसे गेले, चार वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत. “ऑफिसचं अकाउंट आहे, बाई.” लंडनच्या ऑफिसचं खातं भारतातल्या यूपीआयवर कसं, हा प्रश्न मला सुचला नाही.

उलगडा केला माझ्या जुन्या विद्यार्थिनीने. पेढे घेऊन आली होती, मी कौतुकाने पत्राचा फोटो दाखवला. तिने चष्मा वर केला. “बाई, हे पत्र मुंबईच्या गव्हर्नरला लिहिलंय. १६५९ मध्ये मुंबईत इंग्रज गव्हर्नर कुठला?”

मी मटकन बसले. १६६१ चा विवाहाचा तह, म्हणजे पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण, १६६५ ला इंग्रजांना प्रत्यक्ष ताबा, १६६८ ला कंपनीकडे वर्षाला दहा पौंड भाड्याने. हे मी तिलाच फळ्यावर लिहून शिकवलं होतं, सहामाहीला हमखास विचारायचे. १६५९ ला मुंबई पोर्तुगीजांची. राजापूरचे इंग्रज सुरतेला पत्र लिहीत. आडनाव बघायच्या नादात पत्राचा मायनाच वाचला नव्हता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला फोन लावला, ऑनलाइन तक्रारही केली. शेवटचा व्यवहार होऊन तेवीस दिवस उलटले होते. पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर खातं गोठवता आलं असतं, असं सांगण्यात आलं. मग तो हवालदार म्हणाला, “मॅडम, कशाबद्दल दिले पैसे? बिल?” बिल नव्हतं. फी मागितली असती तर मी पावती मागितली असती, केबलवाल्याकडूनही मागते. त्याने भेट मागितली. भेटीची पावती मागणं आपल्याकडे असभ्यपणा समजतात, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

नंतरचे दोन महिने रागाने वाचत बसले. तेव्हा कळलं, त्याने कोणत्या गोष्टी सांगितल्या नाहीत ते. कंपनी अजून सनदेची वाट पाहत होती, १६०० चा ऑक्टोबर. इंग्लंडच्या खुद्द खजिनदाराने सर एडवर्ड मिशेलबोर्नला पहिल्या सफरीवर घ्या म्हणून शिफारस केली. व्यापाऱ्यांनी चक्क नकार कळवला. जबाबदारीच्या जागी आम्हाला उमराव नकोत, आमचा धंदा आमच्यासारख्या माणसांबरोबरच करू द्या, अशा अर्थाचा. मिशेलबोर्नने मग १६०४ मध्ये जेम्स राजाकडूनच परवाना मिळवला आणि पूर्वेच्या समुद्रात जाऊन जहाजं लुटली.

चार्ल्स राजाच्या काळात तर कहर. १६३५ साली राजाच्या मर्जीतल्या एन्डिमियन पोर्टरसारख्या दरबाऱ्यांच्या पाठबळावर कॅप्टन कॉबची जहाजं निघाली, खिशात शाही परवाना. लाल समुद्राच्या तोंडाशी त्यांनी सुरतेची आणि दीवची जहाजं लुटली. कॉब गेला निघून. १६३६ मध्ये मोगल अधिकाऱ्यांनी पकडलं ते सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष विल्यम मेथवोल्डला, ज्याचा त्या लुटीशी काडीचा संबंध नव्हता. काही आठवडे कैद, लाखावर रुपये भरपाई, मग सुटका. लंडनमध्ये राजाने मेहेरबानी केली, किंमत सुरतेत बसलेल्याने मोजली. त्याच सुमारास कोर्टीन नावाच्या व्यापाऱ्यालाही पोर्टरच्याच मध्यस्थीने कंपनीच्या हद्दीत शिरायचा परवाना मिळाला, आणि कोर्टीनच्या माणसांनी मोर्चा वळवला थेट आमच्या राजापूरकडे. आमच्या ‘संशोधका’ने नेमकी हीच गोष्ट गाळली होती! कोर्टीन घराणं पुढे कर्जात बुडालं.

आणि राजापूरचे कैदी. १६६० ला वखारीचा प्रमुख रेव्हिंग्टन आणि मंडळी इंग्रजांचं निशाण लावून पन्हाळ्यावर तोफगोळे डागायला गेली, पुढच्या वर्षी महाराजांनी वखार लुटून त्यांना धरलं, हे आपल्याला पाठच आहे. कैदेतून ते सुरतेला पत्रं लिहीत राहिले, वरचे साहेब आपल्यासाठी शब्द टाकतील या आशेवर. मार्च १६६२ मध्ये सुरतेहून उत्तर गेलं त्याचा मथितार्थ असा: तुम्ही कैदेत का आहात हे तुम्हाला चांगलं माहीत आहे, कंपनीचा माल राखताना नव्हे, तर पन्हाळ्याला जाऊन निशाण लावून गोळे टाकलेत म्हणून. काहीजण १६६३ पर्यंत अडकून होते. हे वाचताना मला त्या गोऱ्यांची दया आली, हे राजापूरकरांनी माफ करावं.

तर, कुलवृत्तांताच्या कामात असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवा. कंपनीचं दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तिथला वाचकाचा पास फुकट मिळतो. कुणाच्या ओळखीची, शालीची गरज नाही. वखारींच्या सतराव्या शतकातल्या पत्रव्यवहाराचे बरेचसे खंड छापून शंभर वर्षं होऊन गेली, इंटरनेटवर फुकट आहेत. महाराजांसंबंधीची इंग्रजांची पत्रं तर १९३१ साली पुण्यात छापली गेली. कुणी ‘फक्त माझ्याच ओळखीने निघेल’ म्हणाला की फोन ठेवा. कुणी जुन्या पत्राचा फोटो पाठवला तर आपलं आडनाव सगळ्यात शेवटी शोधा. आधी मायना, गाव, साल बघा, आणि मूळ कागदाचा दप्तरातला क्रमांक मागा. माझ्याकडच्या पत्राला तो नव्हताच. आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं म्हणून न विचारलेल्या गोष्टी बरोबर ठरत नाहीत. मी मुलांच्या उत्तरपत्रिका अशा तपासल्या असत्या तर मुख्याध्यापकांनी मला घरी बसवलं असतं.

हे सगळं लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी अप्पाभाऊजींना फोन केला, म्हटलं तुमचं खरं नाव घालत नाही, पण तुम्ही त्याला ओळखत कसे होतात तेवढं सांगा. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला एका मित्राने सांगितलं होतं. माझे ऐंशी हजार गेले होते, वहिनी, तुमच्या आधी. तो लंडनचा मुलगा म्हणाला, आणखी एक घर जोडून द्या, तुमचं काम पुढे सरकेल.”

मित्राचे किती गेले, ते मित्राने अजून सांगितलेलं नाही.