चोवीसशेचा डबा, दिवसाला तीन ग्रॅम प्रोटीन

आधी भाकर अडकते, मग वरण-भात, शेवटी पाणीही घोट-घोट उतरतं. अन्ननलिकेच्या कॅन्सरचं निदान होईपर्यंत माणूस बहुधा वाळून गेलेला असतो. ‘ताकद यायला काय द्यायचं?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न, आणि प्रोटीन पावडरचा डबा विकणारा नेमका तिथेच गाठतो. हॉस्पिटलबाहेरच्या चहाटपरीवर हातातली फाईल पाहून ओळख काढतो, ‘मी इथलाच डायटिशियन’ म्हणतो, फोन नंबर घेतो. कापसाचे पैसे हातात असतात त्या दिवसांत डबा थेट गावात पोचतो.

अशा एका डब्याचं लेबल वाचू. चारशे ग्रॅम, किंमत २,४०० रुपये. समोर मोठ्या अक्षरांत ‘कॅन्सर प्रोटीन’. मागे बारीक अक्षरांत, दर १०० ग्रॅममध्ये : ऊर्जा ३८० किलोकॅलरी, कर्बोदके ८६ ग्रॅम, प्रथिने ८ ग्रॅम. घटकांत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून बनवलेली पावडर), मग साखर, मग कोको. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे डब्यात जवळपास सगळं पिष्ट आणि साखरच आहे. सांगितलेला डोस दिवसाला ४० ग्रॅम. त्यातून मिळतात १५२ किलोकॅलरी आणि जेमतेम ३.२ ग्रॅम प्रथिने. डबा दहा दिवसांत संपतो, महिन्याला ७,२०० रुपये जातात.

आता गरज पाहा. उपचार चालू असताना वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण २५ ते ३० किलोकॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ४८ किलोच्या माणसाला म्हणजे १,२०० ते १,४४० किलोकॅलरी आणि ५८ ते ७२ ग्रॅम प्रथिने.

पैसे गेले हे वाईटच. पण खरा घात त्या डब्यासोबत येणाऱ्या सल्ल्याने होतो : “काकाजी, काकूचं दूध आधी बंद करा. दुधानं गाठ वाढते, साखर तिचं खाद्य हाय. अंडं तर नकोच.” (त्याच्या डब्यात साखर दुसऱ्या क्रमांकावर आहे!) अर्धा लिटर दूध आणि दोन अंडी थांबली की रोजची सुमारे २८ ग्रॅम प्रथिने गेली, बदल्यात आली तीन. दूध किंवा साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र उपाशी राहतो. वजन घसरलं की केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो, रेडिएशनमध्ये खंड पडतो, ऑपरेशनची जखम भरायला वेळ लागतो.

लोक तरीही विश्वास ठेवतात, कारण वेळ जुळून येते. केमोने गाठ आकसली की काही आठवड्यांत गिळणं सुधारू शकतं, आणि श्रेय डब्याला जातं. रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अन्ननलिका आतून सोलवटते, गिळताना आग होते, तेव्हा विकणारा म्हणतो, “डोस दुप्पट करा.” दोन्ही बदल उपचाराचे आहेत, डबा फक्त मधे बसलेला आहे.

आयोडीनचा थेंब टाकून ‘पाहा, निळं झालं नाही, भेसळ नाही’ असं दाखवतात, त्यालाही भुलू नका. साधं पीठ निळं होतं, माल्टोडेक्स्ट्रिन बहुधा होत नाही. चौदा अंकी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांकही अन्न बनवण्याचा परवाना सांगतो, कॅन्सर बरा होण्याची हमी नाही. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंदच आहे. हॉस्पिटलचा आहारतज्ज्ञ केसपेपरवर लिहून देतो, गावात येऊन डबा विकत नाही.

नाकातून पोटात नळी असेल तर घरचं द्रव अन्न असं करता येतं : उकळलेलं दूध २०० मिली, साय काढलेल्या दुधाची बिनसाखरेची पावडर २० ग्रॅम, साखर १० ग्रॅम, तेल एक चहाचा चमचा. सुमारे २८५ किलोकॅलरी, १३ ग्रॅम प्रथिने. पाच वेळा दिलं की वरची गरज भागते. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर प्रमाण आहारतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्या. जीवनसत्त्वांचंही त्यांनाच विचारा, हे एवढंच महिनोन्‌महिने पुरत नाही. बारीक गाळणीने गाळा, कोमट द्या, पंधरा-वीस मिनिटं लावून. डोकं-छाती ३० ते ४५ अंश वर, संपल्यावरही तासभर तसंच. शेवटी ३० मिली उकळून कोमट केलेलं पाणी. वैशाखात केलेलं अन्न दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नका.

पोटावरून आतड्यात घातलेली नळी वेगळी. आतड्याला पोटासारखी साठवायची जागा नसते, सिरिंजने एकदम ढकललं तर मुरडा येतो, जुलाब होतात. तिथे थेंब-थेंब सोडायचं, वेग डॉक्टर सांगतील तोच. कोकोवाली पावडर तिच्यात हमखास अडकते. नळी तुंबली तर कोमट पाणी सिरिंजने हलकेच आत-बाहेर करा. तार घालू नका, नळी फाटते. आठ-दहा दिवस चहा-पाण्यावर काढलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण आहार देऊ नका, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि जीवावर बेततं. अशांचं सुरू करणं दवाखान्यातच. पाणी पिताच ठसका लागत असेल तर तोंडाने देणं थांबवून त्याच दिवशी दाखवा.

फसवणूक झाली असेल तर डबा फेकू नका. उरलेली पावडर तशीच डब्यात बंद ठेवा. बॅच नंबर, बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचे दावे जपा. बिल दिलंच नसेल तर पैसे पाठवल्याची नोंद चालते. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे घेऊन माणूस गायब झाला असेल तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३०. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही.